हौशी खेळ आणि गावची शाळा
(केंद्रातील शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



खेळाच्या तासाचा विषय निघाला म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या मुद्रेवर संकोच उमटतो, हे मी जाणतो. वेळापत्रकात तो तास असतो. परंतु वर पाठवावयाची माहिती किंवा मागे राहिलेले गणित त्यास गिळून टाकते. याबद्दल दोष देण्यासाठी मी येथे उभा नाही. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या म्हणजे मात्र दहा-बारा चपळ मुले निवडली जातात, त्यांच्याकडून पंधरवडाभर कसून सराव करून घेतला जातो, आणि उरलेली मुले कडेला बसून टाळ्या वाजवितात. या टाळ्या वाजविणाऱ्या मुलांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

१९१४ साली अमरावतीस अनंतराव व अंबादासपंत या वैद्य बंधूंनी एक आखाडा काढला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. यातील ‘प्रसारक’ हा शब्द ध्यानी घ्यावा. चार मल्ल तयार करावयाचे असते तर आखाडा पुरेसा होता. व्यायाम शिकविणारी माणसे तयार करावयाची होती, म्हणून मंडळाने शिक्षणाचे वर्ग चालविले आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही काढले. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी व इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बर्लिनची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीही. पण मला तिच्याहून मोलाचे वाटते ते अशा वर्गांतून शिकून पुन्हा आपल्या शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकाचे काम. त्याचे नाव कोठे छापून येत नाही.

‘हौशी’ म्हणजे कच्चा, असा अर्थ आपण उगाच करून बसलो आहो. खेळाचा मोबदला ज्यास खेळातच मिळतो तो हौशी. मग तो सात वर्षांचा असो वा सत्तर.

“आमच्याकडे साहित्य नाही,” असे आपण म्हणाल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगण व खेळाचे साहित्य यांचा उल्लेख आहे, तेव्हा मागणी अवश्य करावी. तोवर खोखो आहेच. या खेळास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियमांत बसविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन पुरुष व महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारतास मिळाली. लागते काय? दोन खांब, मोजण्यास दोरी आणि आखण्यास फक्की.

खोखोची रचना शिक्षकाने नीट न्याहाळावी. मध्यपाटीवर आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. पळणाऱ्यास मधून हवे तसे जाता येते, पाठलाग करणाऱ्यास मात्र खांबास वळसा घातल्यावाचून पलीकडे जाता येत नाही, की घेतलेली दिशा मध्येच सोडता येत नाही. म्हणून एकटा कितीही वेगवान असला तरी बसलेल्यास ‘खो’ दिल्यावाचून त्याचे चालत नाही. मंद मुलालाही येथे उठावेच लागते. एक उणीव आहे. पळणारे तिघे तिघे येतात आणि बाद झालेला बाहेर बसून राहतो. चार इयत्ता एकत्र असलेल्या शाळेत हा नियम मोडण्यास काय हरकत आहे? लहानांसाठी अंगण आखूड करावे, आणि बाद झालेल्यास खांबाभोवती दोन फेऱ्या मारून परत आत घ्यावे. पंच रागावणार नाहीत. ते आपल्या शाळेत आलेलेच नसतात!

मुलींविषयी विशेष सांगावेसे वाटते. चौथीपर्यंत बरोबरीने धावणारी मुलगी सातवीत गेली की पाणी, धाकटे भावंड, लोकलज्जा अशा कारणांनी मैदानावरून दिसेनाशी होते. सुटल्यानंतरचा सराव तिच्या घरी मान्य होत नाही. तिचा खेळ शाळेच्या वेळातच झाला पाहिजे. आपण गणितास दिलेला तास बहुधा तिचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल हवी, असे सांगितले. या मुलीने ती कोठून आणावी?

आता मोठ्यांकडे वळू. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार लावले. पण आधी ते स्वतः रोज घालीत, आणि उतारवयातही घालीत राहिले. गुरुजी खुर्चीवर आणि मुले उन्हात, हा प्रकार त्यांना रुचला नसता. पुष्कळ गावांतील तालमीस आज कुलूप आहे किंवा तीत खतांच्या गोण्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीची संमती घेऊन सायंकाळी शाळेचे मैदान पालकांस व तरुणांस मोकळे करावे, ग्रामपंचायतीकडून एका दिव्याची सोय करून घ्यावी. मंडळ नोंदविण्याची घाई नको. आधी लोक येऊ द्यावेत.

पुढील महिन्याच्या बैठकीस येताना बक्षिसांची यादी आणू नये. आपल्या पटावरील किती मुले त्या आठवड्यात एकदाही धावली नाहीत, तो आकडा कागदावर लिहून आणावा. मुलींचा निराळा लिहावा.