पुढे कोण उभं राहणार?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



माझ्या सत्राचा विषय वाचून चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, "पंक म्हणजे ते केस रंगवून किंचाळणारे ना? त्यांचा आपल्या चळवळीशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. रेशन, पाणी, मारहाणीच्या केसेस, पोटगीचे दावे यांतून डोकं वर काढायला फुरसत नाही, आणि ही बाई बँडबद्दल काय सांगणार? तर आधीच सांगते, मी संगीतातली जाणकार नाही. मला बोलायचं आहे ते गाणं चालू असताना समोर जी गर्दी असते तिच्याबद्दल. त्या गर्दीत बाई कुठे उभी असते, याबद्दल.

एम.एस.डब्ल्यू. करत असताना मी मुंबईत हॉस्टेलवर राहत होते. तेव्हा मैत्रिणीबरोबर गिगला जायची सवय लागली. गिग म्हणजे छोट्याशा जागेत, शे-दोनशे माणसांसमोर होणारा कार्यक्रम. बँड बहुतेक वेळा कधी न ऐकलेला. एकाला ऐकायला जावं आणि तीन नवे ऐकून यावं. कार्यक्रम संपला की ड्रम वाजवणारा मुलगाच टेबल मांडून स्वतःच्या सीडी विकायला बसे. कुणी मोठी कंपनी नाही, मध्ये दलाल नाही. आपली गाणी आपण लिहायची, आपण छापायची, आपण विकायची. अशा स्वतंत्र, म्हणजे इंडिपेंडंट बँडना थोडक्यात 'इंडी' म्हणतात. मला ते फार आवडलं. आपण पत्रकं काढतो, चंदा गोळा करून अंक छापतो, त्यातलीच ती जात वाटली.

पण जाणं सोपं नव्हतं. हॉस्टेलचं फाटक दहाला बंद होई आणि गिग सुरूच होई साडेनऊला. परवानगीच्या वहीत 'कारण' असा रकाना होता. 'गाणी ऐकायला' हे कारण त्यात बसत नसे. आत गेल्यावर स्टेजपुढची जागा मुलांची. तिथे एकमेकांवर आदळत, उड्या मारत नाचतात. त्याला 'मॉश पिट' म्हणतात. त्या रेटारेटीत कुणाचा हात कुठे लागला आणि तो चुकून लागला की मुद्दाम, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा बाईवरच. म्हणून आम्ही मागच्या भिंतीला टेकून, बॅग छातीशी धरून उभ्या राहायचो. आम्हाला कुणी तिथे उभं केलं नव्हतं. पण हॉलमधल्या जवळजवळ सगळ्या मुली त्याच भिंतीला होत्या. पूर्ण तिकीट भरून आम्ही पाठी बघत होतो.

अशाच एका गिगच्या दारात भेटलेल्या मुलीने पेन ड्राइव्हवर काही गाणी दिली. त्यात अमेरिकेतल्या 'बिकिनी किल' या बँडची गाणी होती. त्यांच्याबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं की आमच्या भिंतीचा प्रश्न कुणीतरी आधीच ऐरणीवर घेतला होता.

थोडा इतिहास सांगते. १९७६ च्या सुमारास लंडनमध्ये पंक फोफावलं. वाद्यावर प्रभुत्व नसलं तरी चालेल, सांगण्यासारखं काही असेल तर स्टेजवर चढा, हे त्याचं सूत्र. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने ५०० पौंड उसने घेऊन स्वतःच्या रेकॉर्डच्या १००० प्रती काढल्या. कंपनीच्या दारात न जाता हे जमतं, हे त्यातून अनेकांना दिसलं. 'शिकून मग या' ही अट गळाली तेव्हा त्या दारातून मुलीही आत आल्या. 'द स्लिट्स' हा मुलींचा बँड १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यातली गायिका आरी अप अवघी चौदा वर्षांची होती. 'एक्स-रे स्पेक्स'ची पॉली स्टायरीन ही सोमाली वडिलांची मुलगी दातांना तारा लावून स्टेजवर उभी राहिली. गोरं, नाजूक, गोड दिसणं ही गायिकेची पात्रता आहे, हे तिने मानलंच नाही.

पण दार उघडलं म्हणजे घर आपलं झालं असं नसतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतलं पंक अधिकाधिक दणकट मुलांचं होत गेलं. मुली असत, त्या मित्रांचे कोट सांभाळत कडेला.

१९९१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिंपिया हे गाव आणि राजधानी वॉशिंग्टन या दोन ठिकाणच्या मुलींनी यावर काम सुरू केलं. त्यांनी नाव घेतलं 'रायट गर्ल'. यातल्या 'गर्ल'चा र त्या गुरगुरल्यासारखा ओढून लिहीत. 'बिकिनी किल'ची गायिका कॅथलीन हॅना ऑलिंपियात घरगुती हिंसेतून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठीच्या संस्थेत स्वयंसेविका म्हणून काम करत होती. म्हणजे आपल्यासारखीच केसपेपर समोर ठेवून ऐकणारी. तिच्या गाण्यांत घरातला लैंगिक अत्याचार, रस्त्यावरची छेडछाड आणि मुलींची आपसातली मैत्री हे विषय आले, ते या कामाशी जोडलेले होते.

या मुलींनी केलेल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट जागेची. कार्यक्रम सुरू झाला की हॅना माइकवरून सांगायची, मुलींनो पुढे या, मुलग्यांनो मागे व्हा. गाण्यांचे शब्द छापलेले कागद मुलींच्या हातात दिले जात, ते घ्यायला तरी त्या पुढे येत. ऐकायला ही साधी सूचना. पण तिच्यामुळे पुरुष चिडले, शिव्या दिल्या, अंगावर धावून आले. पुढची जागा ही केवळ जागा नव्हती, हे त्या रागावरूनच कळतं. आणि पुढे आलेल्या मुलीला एक गोष्ट जवळून दिसली: गिटारवर बोटं कुठे ठेवतात. मागच्या भिंतीवरून ते दिसत नाही. पाहिल्याशिवाय 'हे मलाही जमेल' असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. या मुली हाताने लिहून, कात्रणं चिकटवून, झेरॉक्स काढून छोटी मासिकं काढत. त्यांना 'झीन' म्हणत. नावही 'रायट गर्ल'च असलेलं एक झीन १९९१ च्या उन्हाळ्यात राजधानीत निघालं. जोडीला मुलींच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या. तिथे मुली आपले अनुभव सांगत आणि बाकीच्या ऐकत. आपल्या सुरुवातीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. मोठी वर्तमानपत्रं या मुलींच्या कपड्यांबद्दलच लिहू लागली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींनी पत्रकारांशी बोलणंच थांबवलं. आपली गोष्ट आपल्याच कागदावर सांगायची, हा निर्णय होता.

तिसरी गोष्ट घरी परतण्याच्या वाटेची. सिअ‍ॅटलच्या 'द गिट्स' या बँडची गायिका मिया झपाटा हिच्यावर ७ जुलै १९९३ च्या पहाटे, मैत्रिणीकडून घरी जाताना, बलात्कार करून तिचा खून झाला. ती सत्तावीस वर्षांची होती. गुन्हेगार सापडायला २००३ साल उजाडलं आणि २००४ मध्ये त्याला शिक्षा झाली. पण तिच्या मैत्रिणी दहा वर्षं थांबून राहिल्या नाहीत. 'रात्री बाहेर पडू नका' असंही त्यांनी बायकांना सांगितलं नाही. त्याच वर्षी त्यांनी 'होम अलाइव्ह' नावाचा गट काढून परवडेल अशा खर्चात स्वसंरक्षणाचे वर्ग सुरू केले. त्यासाठी बँडनी कार्यक्रम केले आणि १९९६ मध्ये गाण्यांचा एक संग्रहही निघाला. नावातच त्यांची मागणी आहे: घरी जिवंत पोचायचं. घरी बसायचं नव्हे.

आता या कौतुकाची दुसरी बाजू. 'मुलींनो पुढे या' असं म्हटलं, पण कोणत्या मुली पुढे आल्या? बहुतेक गोऱ्या, बहुतेक कॉलेजात शिकणाऱ्या. न्यू जर्सीची रामदाशा बिकसीम ही काळी मुलगी आपल्या 'गंक' या झीनमध्ये हे तेव्हाच लिहीत होती. १९९७ मध्ये मिमी थी न्युएन हिने पंकमधल्या गोऱ्या नसलेल्या मुला-मुलींचं लेखन एकत्र करून एक झीन काढलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तमार-काली आणि इतर काळ्या गायिकांनी 'सिस्टा गर्ल रायट' या नावाने स्वतःचे कार्यक्रम सुरू केले. त्यांना आधीच्या मुलींचं शत्रुत्व करायचं नव्हतं. त्यांना स्वतःचं स्टेज हवं होतं. १९९५ मध्ये आपल्याकडे दलित स्त्रियांनी स्वतःचा राष्ट्रीय मंच उभा केला, तेव्हा 'चळवळ फोडताय का?' असं विचारणाऱ्या होत्याच. उत्तर तिथे आणि इथे एकच आहे. 'बाई' या शब्दाखाली जी रांग लागते, तिच्यात शेवटी कोण उभी आहे ते बघायला हवं.

आणि आपल्याकडे मागची भिंत कुठे आहे? बँडच्या हॉलमध्येच आहे असं नाही. मी वस्तीतल्या किशोरींबरोबर काम करते. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे मुलगे नाचतात आणि मुली गॅलरीतून नाहीतर रस्त्याच्या कडेने बघतात. पण ढोल-ताशा पथकात त्याच वयाच्या मुली कमरेला ढोल बांधून भर रस्त्यात वाजवतात. फरक कशाचा? पथकाभोवती दोरी असते, दोरी धरणारे कार्यकर्ते असतात, महिना-दोन महिने सराव असतो आणि घरी कुणाबरोबर जायचं ते ठरलेलं असतं. मुलगी तीच, रस्ता तोच. जागेची मांडणी बदलली की तिचं धाडस वाढतं. धाडस आधी आणि जागा मग, असं होत नाही.

याची उलट बाजूही आपण पाहिली आहे. श्रीनगरच्या तीन शाळकरी मुलींच्या 'प्रगाश' या बँडने डिसेंबर २०१२ मध्ये बँडच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. त्यानंतर इंटरनेटवरून घाणेरड्या धमक्या आल्या, धर्मगुरूंनी त्यांच्या गाण्याला धर्मबाह्य ठरवलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये मुलींनी बँड बंद केला. प्रगाश म्हणजे प्रकाश. त्यांच्याभोवती दोरी धरणारं कुणी पुरेसं उभं राहिलं नाही.

काही जणी म्हणतील, हे सगळं मौजेसाठी. मी म्हणते, हो, मौजेसाठीच. कामासाठी, शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी बाईने बाहेर पडणं समाजाने कुरकुरत का होईना मान्य केलं आहे. कारण नसताना बाहेर पडणं अजून मान्य नाही. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: सार्वजनिक जागेवर विनाकारण रेंगाळण्याचा हक्क. हॉस्टेलच्या वहीतला तो 'कारण'चा रकाना आपल्या सगळ्यांच्या घरी असतो, फक्त छापलेला नसतो. आपणही मुलींच्या पालकांना पटवताना तोच भरून देतो: 'शिबिर आहे', 'प्रमाणपत्र मिळेल'. कधीतरी 'तिला आवडतं म्हणून' एवढंच कारण पुरे झालं पाहिजे.

म्हणून माझी सूचना अगदी हातात घेण्यासारखी आहे. पुढच्या मेळाव्याच्या किंवा वस्तीतल्या कार्यक्रमाच्या आधी आयोजकांना पाच प्रश्न विचारा. स्टेजपुढची जागा मुलींसाठी राखली आहे का? बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे आणि तिथपर्यंत उजेड आहे का? कुणी त्रास दिला तर कुणाकडे जायचं, हे माइकवरून सांगणार का? शेवटच्या बसच्या आत कार्यक्रम संपतो का? आणि पाचवा, वाद्यं कुणाच्या हातात आहेत? २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी वयाच्या मुलींनी 'गर्ल्स अगेन्स्ट' नावाने अशीच मोहीम काढली आणि बँडना व आयोजकांना गर्दीतल्या छेडछाडीबद्दल बोलायला लावलं. त्यांना जमलं ते आपल्याला जमू नये असं काही नाही.

आज रात्री शिबिरात गाण्यांचा कार्यक्रम आहे. डफ आणि ढोलकी नेहमीप्रमाणे आपल्या पुरुष साथीदारांकडे आहेत. त्यांच्याशी मी बोलले आहे, ते द्यायला तयार आहेत. ज्यांनी कधी डफ हातात धरला नाही त्यांनी आधी यावं. बेताल वाजला तरी चालेल. मागे बसलेल्या किशोरींनो, तुम्ही सगळ्यात पुढे या.