दिव्याखालचा किडा

या व्यासपीठावर थोरामोठ्यांची चरित्रे होतात. आम्ही बोलणार मुंगळ्याएवढ्या किड्याविषयी. शास्त्रात त्याला पेडेरस म्हणतात. अंग नारिंगी, डोके आणि शेपटाकडचे टोक काळे, पाठीवर आखूड निळसर कवच. भाताच्या खाचरात तो तुडतुडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी गडीच! पण पावसाळी रात्री तो दिव्यावर येतो, आणि रात्रपाळीचा कामगार मानेवर बसलेला किडा चिरडतो. किडा चावत नाही, डंखही करीत नाही. चिरडला की त्याच्या रक्तातले पेडेरीन कातडीला लागते. इटलीत पाव्हान आणि बो यांनी १९५३ साली ते स्फटिकरूपात मिळविले. ते किडा बनवीत नाही, त्याच्या अंगात वस्तीला असलेले जंतू बनवितात, हे २००२ साली कळले.

आग लगेच होत नाही. एक-दोन दिवसांनी चट्टा, मग फोड. कोपराच्या घडीत तर समोरासमोर दोन. तोवर किडा कोणाच्या लक्षात राहतो? कामगार रजा मागतो, मुकादम म्हणतो, सोंग आहे. असे चट्टे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. किडा फुंकून उडवावा, चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवावी, तो हात डोळ्याला लावू नये. आणि कारखानदारांनी खिडक्यांना बारीक जाळी बसवावी, नळापाशी साबण ठेवावा.