हवा तोच रंग



दुकानात जाऊन ‘तांबडा लेसर द्या’ असे म्हणणे सोपे आहे. ‘सातशे ऐंशी नॅनोमीटरचा द्या’ म्हटले, की दुकानदार आपल्याकडे निराळ्याच नजरेने पाहू लागतो. पण आम्हां हौशी मंडळींची गरज बहुधा अशीच काटेकोर असते. रुबिडियम धातूची वाफ भरलेली काचकुपी घ्या. ७८०.२४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ती शोषून घेते. तो दशांश नॅनोमीटर इकडेतिकडे सरकला, की कुपीत काहीच नसल्यासारखा आरपार निघून जातो.

असा डायोड मिळावा कोठून? बाजाराने जे रंग उचलून धरले तेच स्वस्त झाले, ही यातली खरी मेख आहे. गाण्याच्या सीडीसाठी ७८० च्या आसपासचे डायोड लाखांनी बनले, डीव्हीडीसाठी ६५० चे, ब्लू-रेसाठी ४०५ चे. कॅसिओच्या एका प्रोजेक्टरात दोन डझन निळे डायोड असत. २०१० नंतर परदेशी हौशी लोकांनी केवळ त्यांच्यासाठी अखंड प्रोजेक्टर फोडले, कारण सुटे घेणे अधिक महाग पडे! उलट सोडियमचा पिवळा, ५८९ चा, सुटा डायोड मागाल तर हात हलवीत परत याल. तो रंग १०६४ आणि १३१९ असे दोन अदृश्य प्रकाश स्फटिकात एकत्र करून मिळवावा लागतो. ते घरच्या टेबलाचे काम नव्हे.

आमचे नशीब असे, की रुबिडियमची गरज आणि सीडीचा बाजार शेजारी शेजारी पडले. कॉर्नेल आणि वीमन यांनी १९९५ मध्ये बोल्डर येथे ज्या रुबिडियमवर बोस-आइन्स्टाइन संघनित साधले, ते थंड करण्यास याच जातीचे स्वस्त डायोड वापरले होते. सत्येंद्रनाथ बोसांनी ढाक्याहून १९२४ मध्ये धाडलेल्या निबंधाचे हे दूरचे फळ!

आता खरेदीचे. पत्रकावर ‘७८५’ छापलेले असते. खाली बारीक अक्षरांत कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असतात, ते वाचावेत. त्यांत दहावीस नॅनोमीटरांचे अंतर सहज असते. म्हणून लॅमिंग्टन रोडवर घ्या की परदेशातून मागवा, हातात येणारा नगच किती अंश उष्णतेला व किती विद्युत्प्रवाहाला मोजला आहे, हे विचारावे. उत्तर न देणाऱ्याचा माल आम्ही घेत नाही.

दोनतीन नॅनोमीटरांची तफावत मात्र भागवता येते. या जातीचा डायोड एक अंश तापला, की तरंगलांबी सुमारे पाव नॅनोमीटर वाढते. ७८३ चा डायोड ७८० वर आणायचा तर दहाबारा अंश थंड केला पाहिजे. पुस्तके तेच सांगतात. पण ती थंड देशांत लिहिलेली. मुंबईच्या पावसाळ्यात थंड धातूवर क्षणात दव धरते आणि डायोड पाण्यात भिजतो. आमच्या मते येथे ७७८ चा घेऊन तापवावा. आयुष्य थोडे घटते, पण दव टळते. त्यानंतरही तरंगलांबी पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारते. तेव्हा विवर्तन जाळीने थोडा प्रकाश डायोडातच परत सोडून तिला जागी धरावी लागते.

डोळ्यांचे बोललेच पाहिजे. ७८० चा ठिपका मंद तांबूस दिसतो, म्हणून पापणी मिटत नाही. प्रकाश मात्र पूर्ण जोराने दृष्टिपटलावर पडत असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने २०१० मध्ये एक स्वस्त हिरवा पॉइंटर तपासला, तेव्हा त्यातून हिरव्यापेक्षा अदृश्य अवरक्त प्रकाशच कितीतरी अधिक बाहेर पडत होता. संरक्षक चष्म्यावर तरंगलांबीची मर्यादा छापलेली असते. हिरव्यासाठी घेतलेला चष्मा या कामी चालेलच असे नाही, आणि उन्हाचा काळा चष्मा तर मुळीच नाही.

व्याख्यानानंतर मंचामागे मांडणी ठेवली आहे. कुपीतली चमक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती स्वच्छ दिसेल. तीन चष्मे आहेत, तेव्हा तिघांतिघांनी यावे.