वारं उठण्याआधी छपरावरून खाली

मे महिना सरत आला की कोकणात आगोटीच्या कामांची घाई सुरू होते. कौलं परतायची, पडवीवर पत्रे घालायचे, गोठा शाकारायचा, घरावर झुकलेल्या फांद्या तोडायच्या. मृग तोंडावर आलेला असतो, गडी मिळत नाहीत, आणि मिळाले तर एका दिवसात दोन घरांची कामं उरकायची असतात. नेमकं याच दिवसांत दुपारनंतर वळवाचं वारं उठतं. अशा वाऱ्यात अंगमेहनतीची कामं कशी करावीत, आणि मुख्य म्हणजे कधी थांबवावीत, याबद्दल आज बोलू.

आधी वाऱ्याचा हिशेब समजून घेऊ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा घ्या. त्याचं वजन बारा-पंधरा किलो. धडधाकट गडी तो एकट्याने नेतो. तोच पत्रा ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यापुढे उभा धरला, तर वारा त्याला सुमारे 20 किलोच्या जोराने ढकलतो. वारा ताशी 72 किलोमीटरवर गेला, तर हाच जोर 80 किलोच्या घरात पोचतो. म्हणजे पत्रा धरणाऱ्या माणसाच्या वजनापेक्षाही बहुधा जास्त. तिथे मनगटातली ताकद कामाची नाही.

दुसरी गोष्ट, वारा एकसारखा वाहत नाही, झोतांनी येतो. झोत आला की आपण नकळत त्याच्या विरुद्ध अंग रेलतो. झोत एकदम ओसरला की तोल जातो. जमिनीवर असा तोल गेला तर माणूस दोन पावलं धडपडतो. छपरावर ती दोन पावलं टाकायला जागा नसते.

2020 साली 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारे ताशी 100 किलोमीटरच्या वर होते. पण अशा वादळाची सूचना आधी मिळते आणि माणसं घरात थांबतात. वळवाचं वारं पाच-दहा मिनिटांत अंगावर येतं, आणि तेव्हा गडी छपरावर असतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे: काम कधी थांबवायचं हे शिडीला पाय लावण्याआधी, जमिनीवर उभं राहून ठरवा. वर गेल्यावर ‘एवढे दोन पत्रे उरकू आणि उतरू’ असं प्रत्येकालाच वाटतं.

हे ठरवायचं कसं? वारा मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं. पण 1805 साली ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून वारा ओळखायची पद्धत बसवली, आणि तिचं सुधारलेलं रूप आजही जगभर वापरतात. धूळ आणि कागद उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या, तर वारा ताशी 20 ते 28 किलोमीटर. पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली, तर 29 ते 38. मोठ्या फांद्या हलू लागल्या, विजेच्या तारा शीळ घालू लागल्या, छत्री धरवेना, तर 39 ते 49. अख्खी झाडं हलू लागली आणि वाऱ्यासमोर चालणं जड झालं, तर 50 च्या पुढे. माडाकडे पाहून मात्र अंदाज बांधू नका. झावळ्या मंद वाऱ्यातही सळसळतात. आंब्याफणसाकडे पाहा.

यावरून साधा नियम करा. धूळ उडू लागली की सुटे पत्रे आणि प्लाय वर चढवणं बंद. लहान झाडं डोलू लागली की बसवलेले पत्रे पक्के करून सगळे खाली. तिसऱ्या खुणेची वाट पाहायची नाही, कारण जमिनीवर जो वारा लागतो त्याहून छपरावर तो जास्त असतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर खुणांचाही विचार नको. लगेच उतरा, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढू नका.

हे पाहायला एक माणूस खाली हवा. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून त्याच्याकडे शिट्टी द्या. शिट्टी वाजली की उतरायचं, वाद घालायचा नाही. मोबाइलवर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजेसाठी ‘दामिनी’ हे ॲप त्यानेच पाहत राहावं.

वेळही आपल्या हातात असते. किनाऱ्यावर समुद्राकडचा वारा उन्हं चढली की वाढत जातो, आणि वळीव बहुधा दुपारनंतरचा. म्हणून छपरावरचं काम सकाळी उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत करा. दुपारी खालची कामं काढा: गटारं साफ करणं, लाकडं फोडणं, पत्र्यांना भोकं पाडून ठेवणं.

आता प्रत्यक्ष काम. वारा छपराला वरून दाबतो असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा तो छप्पर वर खेचतो, आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वात जास्त असते. म्हणून एक पत्रा पूर्ण बसल्याशिवाय दुसरा वर घेऊ नका. एका बाजूने हुक मारलेला आणि दुसऱ्या बाजूने मोकळा पत्रा ठेवून जेवायला उतरू नका. जमिनीवरची पत्र्यांची थप्पीही दोराने बांधा.

पत्रा नेताना दोघांनी धरा, खाली धरा आणि त्याची अरुंद कड वाऱ्याकडे ठेवा. हातमोजे घाला. दोराने वर ओढताना दोर मनगटाला गुंडाळू नका. आणि वाऱ्याने पत्रा उचललाच, तर तो सोडून द्या. हे शक्य व्हावं म्हणून काम चालू असताना छपरालगत खाली कोणी उभं राहू नये, मुलं तर नाहीतच. वरून विजेच्या तारा जात असतील, तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय पत्रा उचलू नका.

शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर या हिशेबाने लावा आणि वरच्या टोकाला बांधा. पडण्यापासून वाचवणारा पट्टा पूर्ण अंगाचा हवा. त्याचा दोर रीपेला बांधू नका. आढ्याला किंवा भक्कम तुळईला बांधा, आणि पडलात तरी जमिनीला टेकणार नाही इतकाच लांब ठेवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाकून चाला. लुंगी, पदर, ओढणी, गमछा खोचून घ्या. डोळ्यांना चष्मा लावा. वाऱ्यात घाम चटकन वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळत नाही. तहान लागो न लागो, थोडं थोडं पाणी पीत राहा.

शहरातल्या बांधकामांवर आणखी एक धोका असतो. परांचीवरची हिरवी जाळी वारा शिडासारखा अडवते आणि सगळी परांची ओढते. परांची इमारतीला जागोजाग बांधलेली आहे का, हे रोज सकाळी मुकादमाने पाहावं. वारा सुटल्यावर परांचीखाली, नव्या भिंतीच्या आडोशाला किंवा जाहिरातीच्या फलकाखाली थांबू नका. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला असाच अवाढव्य फलक वळवाच्या वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसं गेली.

शेवटचं बोलणं घरमालकांशी. रोजंदारीवरचा माणूस वाऱ्यातही वर थांबतो, कारण उतरला तर त्याचा खाडा पडतो. तेव्हा काम ठरवतानाच सांगून टाका: वाऱ्यामुळे थांबावं लागलं तरी दिवस भरला असं धरू. एका मजुराची अर्ध्या दिवसाची मजुरी आगोटीच्या खर्चात फार मोठी नसते. हे आधी बोललात, तर शिट्टी वाजल्यावर गडी खरोखर खाली येईल.