आजार ओसरला, तरी मनातला शिक्का

भिवंडीकर श्रोतेहो, स्किझोफ्रेनियातले आवाज गोळ्यांनी शांत झाले, तरी ‘मी वेडा, मला लूमवर कोण उभं करणार?’ हा विचार मनात घर करून राहतो. त्यावर मानसशास्त्रज्ञ यानोस, रो आणि लायसेकर यांनी सुमारे 20 सत्रांची गटचिकित्सा आखली. आजाराबद्दलचे समज तपासायचे, मग स्वतःची गोष्ट लिहून गटात वाचायची. त्यात आजार येतो, तशीच तुटलेला धागा झटक्यात जोडणारी बोटंही येतात. ऐकणारे त्याच वाटेने आलेले असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पुण्यात जगन्नाथ वाणींनी स्थापलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्वमदत गट चालवते. उपचारांसाठी आपल्याला जवळ ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. संकोच न करता फोन करा.