संगणकाची डागडुजी : आपल्या सोयीनें

साताऱ्यास वा सांगलीस एखादे गृहस्थ संध्याकाळीं अर्ज लिहावयास बसतात, आणि संगणक न विचारतां अपडेट उतरवूं लागतो; मोबाइलचा डेटाहि संपतो. संतापून अपडेट कायमचें बंद करणें मात्र घातक होय. विंडोजमधील एक छिद्र बुजविणारें अपडेट १४ मार्च २०१७ रोजीं निघालें. तें न बसविलेल्या लाखों संगणकांतील फायली १२ मेपासून ‘वॉनाक्राय’नें कुलूपबंद केल्या व खंडणी मागितली. म्हणून अपडेट घ्यावेंच. वेळ मात्र आपण ठरवावी. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्यें ‘विंडोज अपडेट’ उघडून तें कांहीं आठवडे थांबवितां येतें. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नेमल्यास त्या तासांत यंत्र सहसा आपोआप पुन्हां सुरू होत नाहीं. जोडणी ‘मीटर्ड’ ठरविल्यास डेटा वांचतो. मग रविवारीं सवडीनें, वीज असतां, तें उरकून घ्यावें.