संपाला पर्याय बंदी नव्हे, लवाद



मालवण शहरात रेल्वे येत नाही. येथील गरिबाचे वाहन म्हणजे एस. टी. २०२१ च्या अखेरीस भडकलेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिटला. त्या काळात ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठणे रुग्णांना दुष्कर झाले, तसा चालक-वाहकांचा पगारही बुडाला. दोन्हीकडे सोसले ते श्रमिकांनीच. मग अत्यावश्यक सेवेत संपावर बंदीच घालावी काय?

याचे उत्तर १९६० च्या लढ्यात आहे. महागाईभत्ता व गरजेवर आधारित किमान वेतन यांसाठी केंद्रीय कर्मचाऱ्यांनी त्या जुलैमध्ये संप केला. सरकारने वटहुकूम काढून तो बेकायदा ठरविला. वेंगुर्ल्याचे सुपुत्र, राजापूरचे खासदार नाथ पै लढ्याच्या अग्रभागी होते. संप काही दिवसांत मागे घ्यावा लागला, पण प्रश्न दडपला गेला नाही. १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा यांवर एकमत न झाल्यास सक्तीचा लवाद मान्य झाला. अंतिम अधिकार मात्र संसदेकडे राहिला.

एस. टी.च्या वादात समिती आली ती संप पेटल्यावर, न्यायालयाच्या आदेशाने. लवाद त्याआधी हवा. संपाचा हक्क बाजूला ठेवा, असे सांगणाऱ्या शासनाने निःपक्ष लवाद, ठरावीक मुदत आणि स्वतःवरही बंधनकारक असा निवाडा दिला पाहिजे. लवादाविना बंदी म्हणजे वेठबिगारीच होय. ही मागणी आगारांतील कामगारांनी आणि थांब्यावरील प्रवाशांनी एकमुखाने केली पाहिजे.